बाईंचा डोंगर

खडू हातात आला की बाई आधी तो मधोमध मोडायच्या. अख्ख्या खडूने लिहिलं की फळा किरकिरतो आणि मागच्या बाकांवरची पोरं कानांत बोटं घालतात, एवढंच त्यामागचं कारण. पण नव्या पोरांना वाटायचं, बाई चिडल्या. वर्ग चिडीचूप व्हायचा. मग बाई खडूचा अर्धा तुकडा पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "धर. अर्धं मी लिहीन, अर्धं तू."

अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. उंची बेताची, आवाज खणखणीत, सुती साडी घोट्याच्या वर, कारण पोलादपूरकडच्या पावसात साडी घोट्याखाली नेसणाऱ्या बाईला एका आठवड्यात अक्कल येते. त्या राहायच्या महाडला, आईबरोबर. लग्न केलं नव्हतं. मीही महाडचाच, त्यामुळे सकाळची एसटी आम्हा दोघांची एक. पोलादपूरच्या त्यांच्याच शाळेत मी मराठी शिकवायचो. एमआयडीसीतली रात्रपाळी सुटलेली माणसं स्टँडवर पेंगत बसलेली असायची, त्यांच्यामधून वाट काढत बाई खिडकीची जागा पकडायच्या आणि अख्ख्या रस्त्यात डोंगरांकडे बघत बसायच्या.

हायस्कूलला इतिहास-भूगोल त्यांच्याकडे होता. नव्वदनंतर आमच्याकडे अकरावी-बारावी सुरू झाली, तेव्हा मानसशास्त्राला माणूस मिळेना. बाईंनी कॉलेजात तो विषय घेतलेला, म्हणून तोही त्यांच्या गळ्यात पडला. त्या कुरकुरल्या नाहीत. म्हणाल्या, "डोंगर माझ्याकडे, मेलेली माणसं माझ्याकडे, आता जिवंत माणसंही माझ्याकडे. तुम्हाला काय उरलं, सर? कविता?"

मानसशास्त्राच्या त्यांच्या तासाची एक गोष्ट शाळेत बरीच वर्षं सांगितली जायची. सवयीने माणसाच्या अंगात काय काय भिनतं, हे अकरावीला शिकवायचं होतं. बाईंनी शिपायाला गाठलं आणि मधल्या सुट्टीची घंटा बरीच आधी वाजवायला लावली. सगळ्या शाळेने डबे उघडले. मुख्याध्यापकांनीसुद्धा. बाई अकरावीच्या पोरांना घेऊन व्हरांड्यातून फिरल्या. "बघा. भूक लागलीय का कुणाला? नाही. घंटा लागलीय." मुख्याध्यापक तोंडात घास घेऊन बाहेर आले आणि त्यांना ओरडताही येईना.

इतिहासाच्या तासाला मात्र त्या थट्टा खपवून घ्यायच्या नाहीत. एखादा सरदार चुकीच्या खिंडीत शिरला आणि फौजेसकट कापला गेला, असं वाचून झालं की एखादा पोरगा हमखास म्हणायचा, "येडाच व्हता की, बाई." मग बाई पुस्तक खाली ठेवायच्या. "आपल्याला शेवट माहीत आहे. त्याला नव्हता. त्याच्या घोड्यावर बस, त्याच्याएवढंच बघ, आणि मग सांग कुठून गेला असतास." हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की माझ्याही बोलण्यात ते येऊ लागलं होतं.

भूगोल त्या पत्र्यावर शिकवायच्या. जुना पत्रा मैदानात तिरका लावायचा, त्यावर मातीचा ढीग थापायचा, मातीत काटक्या रोवायच्या आणि वरून झारीने पाणी सोडायचं. पहिल्यांदा काहीच होत नाही. पोरं कंटाळतात, एकमेकांना चिमटे काढतात. मग मातीला बारीकशी भेग पडते, आणि बघता बघता अख्खा ढीग काटक्यांसकट सरकून खाली येतो. पोरं ओरडतात. बाई म्हणायच्या, "ओरडू नका. बघा. पाणी कुठे मुरलं ते बघा."

दोन हजार सालानंतरच्या एका वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, असाच पत्रा मांडलेला असताना नववीतली एक मुलगी पुढे आली. तिचं नाव वनिता. करंजटेपची. करंजटेप म्हणजे डोंगराच्या अंगावरची वाडी. गुरं आणि नाचणीवर जगणारी माणसं. घरटी एक बाप्या मुंबईला हॉटेलात नाहीतर गोदीत. ती म्हणाली, "बाई, आमच्या घरांच्या वरल्या अंगाला अशीच भेग हाय. आज्याच्या म्हशीचा पाय अडकला व्हता."

त्या रविवारी बाई करंजटेपला गेल्या. एकट्या कशा जातील म्हणून मीही गेलो, आणि चढणीवर तीनदा बसलो. वाडी दोन ओळींत होती. वरची ओळ डोंगराला टेकलेली, मातीच्या भिंती आणि कौलं. खालची ओळ बरीच उतरून, पऱ्याच्या कडेला. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात वाहणारा ओढा. तेव्हा तो कोरडाच होता, नुसते गोटे. तिथेच नवं समाजमंदिर बांधलं होतं, स्लॅबचं, पिवळा रंग दिलेलं. वाडीला त्याचा फार अभिमान.

भेग खरीच होती. वरच्या घरांच्या मागे, करवंदीच्या जाळ्यांमधून लांबवर गेलेली. बाईंनी तिच्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला. वनिताचा आजा, लखूबाबा, काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होता. "डोंगुर असाच अस्तो बाय," तो म्हणाला. "माज्या बापाच्या वक्तापास्नं हाय तो."

"भेग पण आहे?"

"भेग नव्हती," लखूबाबाने कबूल केलं.

बाईंनी जिथे सांगायचं तिथे सांगितलं. माणसं येऊन बघून गेली, माना हलवून गेली. तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

त्या पावसाबद्दल मी फार लिहीत नाही. महाडमध्ये सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, फोन बंद पडले, एसटी थांबली. बाई आणि मी पोलादपूरलाच अडकलो होतो, शाळेजवळ एका ओळखीच्या घरी. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उतरला, तशा बाई उठल्या आणि गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतली. "मी करंजटेपला जाऊन येते."

मी बरोबर गेलो. वाट अशी नव्हतीच, वाटेवरून पाणी वाहत होतं. वर पोचलो तेव्हा भेग रुंद झाली होती आणि तिच्यात लाल पाणी उभं होतं. बाईंनी घरोघर जाऊन सांगितलं, "इथे थांबू नका. खाली समाजमंदिरात चला. पक्कं बांधकाम आहे. भेगेपासून लांब आहे. चला."

माणसं तयार नव्हती. गुरांचं काय, चूल कुठे मांडायची, कोंबड्या कुणाच्या भरवशावर सोडायच्या. वनिताच्या आईच्या कडेवर धाकटा पोरगा होता, तापाने फणफणलेला. ती म्हणाली, "ह्याला पावसात कसा न्यायचा, बाई?" तेव्हा वनिताच पुढे झाली. "आये, चल. बाईंनी पत्र्यावर दावलंय मला. समदं खाली येतं. चल तू." तिने भावाला आपल्या कडेवर घेतलं, वरून गोणपाटाची खोळ घातली आणि निघाली. तिच्या मागून आई. मग एकेक घर निघालं.

लखूबाबा निघाला नाही. "मी गुरांपाशी हाय. तुमी जावा." बाईंनी त्याचा हात धरून ओढला, त्याने सोडवून घेतला. हसला वर. "एवडी शिकलीस, पन म्हातारं मानूस कसं वढायचं ते नाय शिकलीस गो."

संध्याकाळच्या आत वरच्या ओळीतली सगळी माणसं समाजमंदिरात पोचली. बायकांनी चूल पेटवली. बाई दारात उभ्या राहून वरच्या उताराकडे बघत होत्या. पऱ्या त्यांच्या पाठीमागे होता. तो भरून वाहत होता. पण त्या पावसात कुठला पऱ्या भरला नव्हता? मीही तिथेच उभा होतो. मलाही काही वाटलं नाही. उलट आम्ही परत निघालो तेव्हा बाईंचा चेहरा मी कित्येक दिवसांनी मोकळा बघितला.

सकाळी डोंगर आला. पण भेगेतून नाही. वाडीच्या पलीकडच्या अंगाला, जिकडे कुणी फिरकत नसे, तिथे पऱ्या उगम पावतो. तिथला सगळा कडा सुटला आणि माती, दगड, झाडं घेऊन पऱ्याच्या वाटेने खाली उतरला. समाजमंदिर आणि त्याच्या बाजूची दोन घरं त्याने नेली. आतली मोजकीच माणसं जिवंत निघाली. स्लॅब नंतर भाताच्या खाचरात सापडला, उलटा. वरच्या ओळीतल्या एकाही घराचं कौल हललं नव्हतं.

वनिताची आई आणि भाऊ आतच होते. ती वाचली, कारण उजाडल्यावर आज्यासाठी भाकरी घेऊन ती वर गेली होती. आवाज झाला तेव्हा ती गोठ्याच्या दारात उभी होती. तिने सगळं बघितलं.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडतच होता. मदतीला आलेली बाहेरची माणसं चिखलातून एकेकाला काढून शाळेच्या जुन्या ताडपत्रीवर ठेवत होती. त्यांना पोरांची नावं ठाऊक नव्हती. वाडीतली माणसं नाव सांगण्याच्या अवस्थेत नव्हती. बाई ताडपत्रीपाशी जाऊन बसल्या. पदराने एकेक तोंड पुसायच्या आणि नाव सांगायच्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता. हजेरी घेतात त्याच आवाजात. वनिताचा भाऊ अजून शाळेत आला नव्हता. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तिथे त्या थांबल्या.

आता पुढची गोष्ट ऐका. आठवड्याभराने एक बातमीदार आला. या भागातल्या एका शिक्षिकेने डोंगर खचणार म्हणून आधीच सांगितलं होतं, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याने छापलं. दूरदृष्टी, जागरूकता वगैरे. मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने शाल-श्रीफळाचं पत्र पाठवलं. बाई कुठे जा म्हणाल्या होत्या, हे त्यांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी ते पत्र कौतुकाने स्टाफरूममध्ये वाचलं. बाई ऐकून घेऊन बाहेर गेल्या आणि मैदानातला तो तिरका पत्रा उचलून शाळेमागच्या भंगारात टाकून आल्या. हात कापला होता. मी रुमाल बांधून दिला आणि मला जे सुचलं ते बोललो. "बाई, आपल्याला शेवट माहीत आहे. त्या दिवशी तुम्हाला नव्हता. तुम्हीच सांगता ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी रुमालाची गाठ मारायचाच थांबलो.

"ते मेलेल्यांसाठी आहे, सर. जिवंत माणसाने ते स्वतःला लावून घ्यायचं नसतं."

वाडीतलं कुणी त्यांना वाकडं बोललं नाही. हे त्यांना जास्त जड गेलं असावं. वनिताचा बाप मुंबईहून महामार्गाने चालत आला होता, रस्ते बंद होते म्हणून. तो शाळेत आला तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. त्याने फक्त विचारलं, "पोरीची फी भरायची हाय का?" बाई नाही म्हणाल्या. तो गेला.

बोलली ती वनिताच. दिवाळीनंतर ती शाळेत यायला लागली होती. मधल्या बाकावर बसायची, लिहून घ्यायची, हात वर करायची नाही. भूगोलाच्या तासाला एके दिवशी ती उभी राहिली. माझा वर्ग शेजारी होता आणि मधली भिंत वरून उघडी, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाई, वर कडा सुटला तर तो पऱ्यातनं खाली येतो, हे तुमाला ठावं व्हतं?"



"होतं," बाई म्हणाल्या. "मी ते शिकवलेलंसुद्धा आहे. त्या दिवशी मला सुचलं नाही. मी फक्त भेगेकडे बघत होते."

वनिता खाली बसली. बाईंनी तास पुरा केला. त्यानंतर दहावी होईपर्यंत त्या मुलीने बाईंशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी बाई बदलल्या. बारावीला अपराधाच्या भावनेवरचा धडा होता. तो त्यांनी पुस्तकातून वाचून दाखवला. पुस्तक हातात धरून शिकवताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. रविवारी त्या एसटीने पोलादपूरला यायच्या आणि एकट्याच कुठेतरी जायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "पऱ्ये बघते." त्या उन्हाळ्यात त्यांनी त्या भागातला एकेक ओढा उगमापर्यंत पायाखाली घातला. पाय सुजायचे. आई रागवायची. महाडच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मला त्याचा अर्थ मे महिन्यात कळला. वरची भेग तशीच होती. वरच्या घरांत उरलेली माणसं तशीच होती, आणि मुंबईहून, माहेराहून परत आलेली आणखी काही. पुन्हा पाऊस येणार होता. त्यांना पुन्हा कुणीतरी सांगायला हवं होतं, की इथे राहू नका. आणि सांगणार कोण?

"तुम्ही जाऊ नका," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला पाठवू."

"दुसरं कोण जाईल?"

मीही बरोबर गेलो.

लखूबाबा ओट्यावर बसला होता. वर्षात निम्मा झाला होता. बाईंना बघून त्याने काठी जवळ ओढली. "परत सांगाया आलीस?"

"हो."

"ह्या बारीला कुठं धाडतेस?"

असा प्रश्न कुणी मला विचारला असता, तर मी तिथूनच परत फिरलो असतो. बाई उन्हात उभ्या राहिल्या. "शाळेत. माझ्या वर्गात."

"मी नाय येनार," लखूबाबा म्हणाला. "माजी मानसं तुज्या सांगन्यावरनं उतरली. मी हितंच मरंन. तुला शिवी देत नाय मी. पन येनार नाय."

तेवढ्यात त्याची धाकटी सून, सखू, आतून बाहेर आली. गेल्या पावसात ती बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून उरली होती. काखेत तान्हं. तिने सासऱ्याकडे बघितलं नाही. सरळ बाईंना विचारू लागली.

"त्या साळंच्या मागं काय हाय?"

"माळ आहे. डोंगर लांब आहे."

"पऱ्या?"

"एक आहे. शाळेच्या खालून जातो. उगमापर्यंत जाऊन आले. वर कातळ आहे, माती नाही."

"तुमाला वाटतं, का बगून आलात?"

"बघून आले. तू चल, तुला दाखवते."

"आनि तुमी कुठं ऱ्हानार? म्हाडला?"

"तिथेच. तुमच्यात. पाऊस उघडेपर्यंत."

सखूने तान्ह्याला दुसऱ्या काखेत घेतलं. "चला, दावा," ती म्हणाली. आणि त्या भर उन्हात सखू तान्हं घेऊन आमच्याबरोबर शाळेपर्यंत आली, शाळेला बाहेरून वळसा घातला, पऱ्या बघितला, कातळावर पाय आपटून बघितला. मग म्हणाली, "मी सांगते समद्यांना."

जुलै लागला तशी वरच्या ओळीतली माणसं गाठोडी घेऊन खाली आली. नववी ब चा वर्ग त्यांना दिला. बाकं एकावर एक रचली, व्हरांड्यात चुली मांडल्या. मुख्याध्यापक दिवसातून दोनदा येऊन कपाळाला हात लावायचे. शेळ्या बाहेर बांधायच्या असं ठरलं होतं, पण पावसात शेळी बाहेर कोण ठेवतं? भिंतीवर महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाचा नकाशा होता. एका शेळीने तो खाल्ला. कोकणाकडून सुरुवात करून ती मराठवाड्यापर्यंत आली, तेव्हा कुणाचं तरी लक्ष गेलं. त्या दिवशी बाई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

त्या खरोखरच तिथे राहिल्या. सतरंजीवर झोपायच्या, सखूच्या हातची नाचणीची भाकरी खायच्या, सकाळी पाणी तापवून अंघोळ करून तास घ्यायला उभ्या. पावसाचा जोर वाढला की मात्र जेवायच्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहायच्या. वर, ढगात, लखूबाबा आणि गुरं होती.

डोंगर आला नाही.

पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दर जुलैत बाई वर जायच्या, सखू गाठोडी बांधायला लावायची, लखूबाबा नाही म्हणायचा. गावात चेष्टा सुरू झाली. एसटीत कंडक्टर विचारायचा, "काय बाई, पडला का तुमचा डोंगर?" लोक त्याला बाईंचा डोंगर म्हणू लागले. बाई म्हणायच्या, "नाही पडला. बरं झालं," आणि तिकीट घ्यायच्या. वर्गात मुक्कामाला येणारी घरंही कमी होत गेली. एका वर्षी तर तीनच आली. त्या वर्षीही बाई सतरंजी घेऊन त्यांच्यात राहिल्या.

मी एकदा विचारलं, "असं किती वर्षं?"

"भेग आहे तोवर," त्या म्हणाल्या.

पण भेगेआधी बाईच संपत आल्या. पोटाचं दुखणं होतं. आधी दुर्लक्ष केलं, मग निदान झालं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनीही घरी न्या म्हणून सांगितलं. नोकरीची बरीच वर्षं शिल्लक असताना त्यांनी रजा घेतली ती कायमची. त्या वर्षीची दिवाळी त्यांनी बघितली नाही. मला मात्र त्याआधीचा, जुलैतला एक दिवस सांगायचा आहे.

बाई महाडच्या एका लहान दवाखान्यात होत्या. पोलादपूरकडे दोन दिवस पाऊस लागला होता. बाईंनी आदल्या दिवशी मला निरोप दिला होता, करंजटेपला जाऊन या. मी गेलो नव्हतो. मला मुलं होती, वाट वाहत होती, आणि खरं म्हणजे इतक्या वर्षांत तो डोंगर आलाच नव्हता. सकाळी शाळेत पोचलो तर नववी ब च्या दारात चपलांचा ढीग. आत सखू चुलीसाठी विटा मांडत होती. तीन नाही, वरची सगळी घरं आली होती. "कोण सांगायला आलं होतं?" मी विचारलं. सखू म्हणाली, "कोनी नाय. बाई आजारी हायत, त्या कशा येतील? म्हनलं आपनच उतरू."

दुपारी पाऊस थांबला तसा मी महाडला परतलो आणि थेट दवाखान्यात गेलो. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. अंगावर काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "उतरले सगळे."

त्या वळल्या. "लखूबाबा?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात दार ढकलून एक तरुणी आत आली. कडेवर लहान मूल, हातात स्टीलचा डबा, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी क्षणभर ओळखलं नाही. वनिता होती. दहावीनंतर तिचं लग्न झालं होतं, नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा, बिरवाडीजवळ कुठेतरी राहत होती. बाई आजारी असल्याचं तिला सखूकडून कळलं असावं.

तिने मूल माझ्याकडे दिलं. डब्याचं झाकण उघडलं. आत पेज होती, वाफा येत होत्या. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आवाज अगदी खालचा, "वनिता, राग आहे का गं अजून?"

वनिता वाटीत पेज ओतत होती. तिने हात थांबवला नाही.

"हाय," ती म्हणाली.

मग पलंगाच्या कडेवर बसली, बाईंच्या मानेखाली हात घालून त्यांना उचललं आणि वाटी ओठांना लावली. बाई घोट घोट पीत राहिल्या. वाटी संपल्यावर वनिताने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि डब्यात उरलेली पेज पुन्हा वाटीत ओतली.